सीमाभागातली जुनी थिएटरं : गाळे, मंगल कार्यालय की अजून सिनेमा?

मार्कंडेय_काठ (धागाकर्ता)

बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं जुनं थिएटर विक्रीला निघालंय. नाव लिहीत नाही. मालकांच्या घरात वाटणीची बोलणी चालू आहेत, उगाच आपल्यामुळे भाव वरखाली नको. तिकडचे लोक ओळखतीलच. दर्शनी भिंतीवर सिमेंटात उठवलेलं नाव, खाली स्टॉलच्या खुर्च्या, वर बाल्कनी, पुढे सायकलस्टँड एवढा ऐसपैस की आज त्यात दोन अपार्टमेंट उभी राहतील. वर हमरस्त्याला लागून. म्हणजे पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको.

आठवणी काढायला कुणाची ना नाही, खरं धागा त्यासाठी नाही. मला एक मुद्दा मांडायचाय.

इकडे मराठी सिनेमाला पडदा दिला कुणी? सरकारने नाही. करमणूक कर होता तेव्हा मराठी सिनेमाला सवलत मिळायची ती महाराष्ट्रात. मल्टिप्लेक्सने वर्षाकाठी ठरावीक खेळ मराठीला द्यावेत हा नियमही महाराष्ट्राचा. हे सगळं सीमेवरच्या कोगनोळी नाक्यापलीकडे. कर्नाटकाने सवलत दिली ती कन्नडला, त्यात चूक काही नाही, त्यांचं ते कामच आहे. आपल्याकडे मराठी सिनेमा चालला तो निव्वळ थिएटरमालकाच्या हिशेबावर. मालक मराठी, लिंगायत, मारवाडी, मुसलमान, कुणीही असो. गल्लीत, बाजारात कोण राहतं, आठवड्याच्या बाजाराला कुठल्या गावचे लोक येतात, हे बघून तो शुक्रवारी पोस्टर लावायचा. सीमाभागात मराठीसाठी यापेक्षा भरवशाचं धोरण माझ्या पाहण्यात नाही.

आणि एक गोष्ट, जी फार लोकांना ठाऊक नसते. सिनेमाच्या धंद्याचा स्वतःचा नकाशा आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार हे जिल्हे मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. वितरकांनी नकाशा बदललाच नाही. हिंदी सिनेमाचे हक्क विकले जातात तेव्हा हे जिल्हे आजही 'बॉम्बे सर्किट'मध्ये मोडतात, म्हैसूरमध्ये नाही. तसंच तेलंगणा, मराठवाडा आणि गुलबर्गा-बिदर-रायचूर मिळून 'निझाम'. संस्थान जाऊन पाऊणशे वर्षं झाली, वितरकाच्या वहीत निझाम अजून जिवंत! त्यामुळे रिळांच्या पेट्या मुंबईच्या बाजूने यायच्या, पोस्टरं तिकडून यायची, आणि त्याच वाटेने मराठी सिनेमाही यायचा.

आता प्रश्न. ही थिएटरं गेली तर ती वाट उरते का? की मी उगाच रडतोय?

---

कॅम्पातला_बाब्या

उगाच रडालाय 😀

गाळेच होणार. खाली मोबाइलची दुकानं, वर कोचिंग क्लास. लिहून घ्या.

---

टिळकवाडीची_ताई

बाब्या, तुझ्या तोंडात साखर पडो असं म्हणवत नाही.

ग्लोब, रेक्स, चित्रा, प्रकाश, निर्मल, बालकृष्ण... बेळगावातली नावं घ्यायला लागलं की घरात प्रत्येकाची यादी वेगळी निघते आणि भांडण होतं. आमच्या सासूबाईंना गल्ल्यांची नावं आठवत नाहीत, 'अमुक टॉकीजच्या मागे' म्हटलं की बरोबर जातात. हंस टॉकीज रोड तर अजून दुकानांच्या पाट्यांवर छापतात.

धागाकर्त्यांचा मुद्दा पटला. फक्त 'भरवशाचं धोरण' जरा जास्त झालं. मालकाला पैसे दिसले म्हणून लावायचा, नाही दिसले की बुधवारीच उतरवायचा.

---

मार्कंडेय_काठ

ताई, तेच तर म्हणतोय. पैसे दिसत होते म्हणून भरवसा. प्रेमावर चालणारी गोष्ट एवढी वर्षं टिकली नसती.

---

केबिनमधला

वडील ऑपरेटर होते. गाव निपाणीच्या आसपासचं. पडद्यावर बरेच जण लिहितील, मी पडद्याच्या विरुद्ध बाजूबद्दल लिहितो.

केबिनमध्ये दोन प्रोजेक्टर. दोन हजार फुटांचं रीळ वीस-बावीस मिनिटं चालतं. एक संपत आलं की दुसऱ्यावर दुसरं रीळ तयार ठेवायचं. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून जातो. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशिनची मोटर सुरू, सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका, त्याला चेंजओव्हर. खाली बसलेल्याला कळलं नाही तर ऑपरेटर चांगला. कळलं तर स्टॉलमधून शिट्ट्या आणि आईबापाचा उद्धार.

उजेड कार्बनचा. दोन कांड्या समोरासमोर, मध्ये ठिणगीची कमान. कांड्या जळत जातात तसं अंतर वाढतं, ते सारखं जुळवत राहायचं. जरा दुर्लक्ष झालं की पडदा पिवळा पडायचा. वडील निळ्या काचेतून आत बघायचे आणि आम्हाला बघू द्यायचे नाहीत. धूर बाहेर जायला वर नळकांडं. पुढे झेनॉन बल्ब आला आणि खोकला थांबला, असं आई म्हणते.

जुन्या थिएटरांत केबिनच्या भिंती एवढ्या जाड का, आणि प्रोजेक्टरच्या भोकांवर लोखंडी झडपा का, हे कुणी विचारत नाही. १९५० च्या सुमारापर्यंतची फिल्म नायट्रेटची असायची. पेटली की विझत नाही. आग लागलीच तर झडप पाडून ती केबिनमध्ये कोंडायची, खालची माणसं वाचवायची. ऑपरेटरचं काय, हा प्रश्न नकाशा काढणाऱ्याला पडला नसावा.

डिजिटल आल्यावर वडिलांचं काम एका पोराने माउस हलवून करायचं ठरलं. त्याचं दुःख नाही करत. प्रिंट ओरखड्यांनी भरलेली असायची, गाण्याला तुकडे गायब असायचे. प्रिंट महाग, म्हणून मोजक्याच निघायच्या. मुंबई-पुणे झालं की कोल्हापूर, मग बेळगाव, आणि मग कधी तरी आमच्याकडे. तोवर गाणी रेडिओवर ऐकून लोक कंटाळलेले. सॅटेलाइटवरून सिनेमा यायला लागल्यावर पहिल्यांदा मुंबई आणि आमच्या गावात एकाच शुक्रवारी एकच सिनेमा लागला. गावाला त्याचा केवढा अभिमान!

---

हुबळी_ते_पुणे

माझी मातृभाषा कन्नड, शिक्षण बेळगावात, नोकरी पुण्यात. मराठीत काही चुकलं तर सांभाळून घ्या.

हा फक्त मराठीचा प्रश्न नाही. कन्नडचे नट डॉ. राजकुमार, त्यांचे सिनेमे आमच्या गावात मराठी घरांतल्या बायकाही बघायच्या, आणि दादा कोंडकेंना आमचे काका पहिल्या रांगेत. भाषा निम्मी कळायची, हसायला पूर्ण यायचं. कन्नड चित्रपटसृष्टीने डबिंगला कित्येक वर्षं विरोध केला, त्यामुळे जे काही बघायचं ते मूळ भाषेत. एका पडद्यावर मॅटिनीला कन्नड, संध्याकाळी हिंदी, पुढच्या आठवड्यात मराठी. माझं मराठी शाळेतलं कमी आणि स्टॉलमधलं जास्त आहे.

आमच्या गावचे मालक १ नोव्हेंबरच्या आठवड्यात न चुकता हिंदी मारामारीचा सिनेमा लावायचे. एका बाजूला कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसऱ्या बाजूला मराठी लोकांचा काळा दिन. मराठी पोस्टर लावलं तर हे येणार, कन्नड लावलं तर ते. हिंदी मारामारीवर दोघांचंही एकमत. दगड पडलाच तर काच शोकेसची फुटते, म्हणून त्या आठवड्यात शोकेसही रिकामी ठेवायचे.

आणि थिएटर पाडण्याचं म्हणाल तर बंगळूरचं बघा. केंपेगौडा रोड-गांधीनगरचा परिसर म्हणजे कन्नड सिनेमाचं माहेर. तिथलं कपाली, राज्यातल्या मोठ्यांतलं एक, पाडलं. राजधानीत कन्नडची ही गत, तर तालुक्यात मराठीचं काय घेऊन बसलात?

---

कॅम्पातला_बाब्या

@हुबळी_ते_पुणे, शोकेस रिकामी ठेवायचं भारी होतं. आमच्याकडे पण तसंच व्हायचं, खरं आमचा मालक भक्तिपट लावायचा. देवाला कोण दगड मारणार!

---

निपाणीकरीण

एवढे पुरुष एवढ्या प्रेमाने लिहितायत, म्हणून थोडं विरजण घालते.

निपाणी तंबाखूचं गाव. विड्या वळणाऱ्या बायकांच्या जिवावर इथल्या थिएटरांनी पैसा केला. पगार झाला की त्या संध्याकाळी माझी आई, मावशी, शेजारच्या चौघी. हात धुतले तरी तंबाखूचा वास जायचा नाही, अख्ख्या लेडीज क्लासमध्ये तोच वास. मांडीवर पोर, पदरात शेंगा. सोशिक सुनेचा सिनेमा असला की इंटरव्हलपर्यंत सगळ्यांचे डोळे सुजलेले, आणि बाहेर आल्यावर 'काय झ्याक होता' म्हणून हसत घरी. लेडीजची खिडकी वेगळी, बसायची बाजू वेगळी. नवरा सोबत नसला तरी कुणी वाकडं बघत नव्हतं. त्या बायकांना घर आणि कारखाना सोडून बसायला मिळणारी ती एकच जागा होती.

मग काय झालं? व्हिडिओ आला, टीव्ही आला, धंदा बसला. ठीक आहे, सगळीकडेच बसला. खरं मालकांनी काय केलं? दुपारच्या खेळाला 'तसले' सिनेमे लावले. पोस्टर बघून आमच्या आया रस्ता बदलायला लागल्या. लेडीज क्लास मोडून टाकला. खुर्च्यांत ढेकूण. आणि संडास! ज्या थिएटरात आम्ही जायचो तिथे बायकांच्या संडासाला शेवटी शेवटी दारच नव्हतं. एकीने आत जायचं, दुसरीने साडीचा पदर धरून उभं राहायचं. तीन तासांचा सिनेमा बघायला जाताना बाई सकाळपासून पाणी प्यायची नाही.

मल्टिप्लेक्स बऱ्याच नंतर आलं. बायका आधीच तुटल्या होत्या. आणि बाई तुटली की घर तुटतं, मराठी सिनेमाचं गिऱ्हाईक तर घरच होतं. त्यामुळे 'काळाने मारलं' वगैरे मला सांगू नका.

---

टिळकवाडीची_ताई

निपाणीकरीण, उभं राहून टाळ्या. पदर धरून उभं राहणं मीही केलंय.

---

चंदगडचा_पाव्हणा

१९५६ ला बेळगाव जिल्ह्यातला आमचा चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला, आता कोल्हापूर जिल्ह्यात. म्हणजे आम्ही महाराष्ट्रात, पण आमचं शहर बेळगाव. कापड, दवाखाना, सिनेमा सगळं तिथेच. कोल्हापूर लांब पडतं. लाल डब्याने सकाळी जायचं, बाजार करायचा, मॅटिनी बघायची, संध्याकाळच्या गाडीला परत. गाडी चुकेल म्हणून किती सिनेमांचे शेवट बघितले नाहीत! कोण मेलं, कोणाचं लग्न झालं, ते घरी येऊन स्वतःच ठरवायचं.

---

नव्वदोत्तरी

सॉरी, पण मला हे सगळं जरा जास्तच गोड वाटतंय. ढेकूण, पिवळा पडदा, अर्धा आवाज, ब्लॅकची तिकिटं... बेळगावात मॉलमध्ये एसी स्क्रीन आहे, सीट नंबर मोबाइलवर मिळतो, बहिणीला एकटीला पाठवायला घरचे घाबरत नाहीत. मराठी सिनेमा चांगला असेल तर तिथेही लागतो. नाहीतर महिन्या-दोन महिन्यांत ओटीटीवर येतोच. बिल्डिंग वाचवून काय करायचंय?

---

मार्कंडेय_काठ

@नव्वदोत्तरी, लागतो, पण कधी? सकाळी दहा-सव्वादहाला एक, तोही तीन दिवस. शनिवारी तोंडी तोंडी कळून रविवारी माणसं निघेपर्यंत सिनेमा उतरलेला. आणि वडगावातला यंत्रमागवाला किंवा येळ्ळूरचा शेतकरी सकाळी दहाला मॉलमध्ये जाणार? तिकिटाएवढेच पैसे पॉपकॉर्नला?

तिकिटाचं म्हणाल तर कर्नाटक सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये जास्तीत जास्त २०० रुपये, कर वेगळा, अशी मर्यादा घातली होती. मल्टिप्लेक्सवाले हायकोर्टात गेले आणि त्याच महिन्यात स्थगिती मिळाली.

---

कोल्हापुरी_रस्सा

आमच्या महाराष्ट्रात तरी कुठे दिवे लागलेत? तुम्हाला वाटतं नाक्यापलीकडे मराठी सिनेमाची दिवाळी आहे. बाबूराव पेंटरांचं हे गाव, प्रभात इथे १९२९ ला सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला गेली. आज इथल्या पोराला विचारा, त्याला फक्त मल्टिप्लेक्सचं ॲप माहीत.

दादरचं चित्रा मे २०१९ मध्ये बंद झालं, मराठी मुलखाच्या ऐन मध्यावर. पुण्यात अप्पा बळवंत चौकातलं प्रभात १९३४ चं, ते मूळ मालकांकडे परत गेलं आणि किबे लक्ष्मी झालं. निदान सिनेमा दाखवणं तरी चालू राहिलं. आणि २००१ च्या धोरणात मल्टिप्लेक्सला सुरुवातीची वर्षं करमणूक करातून माफी कुणी दिली? आमच्याच सरकारने. शेजारचं एकपडदा थिएटर पूर्ण कर भरत होतं. नियमाने मराठी सिनेमा जगत असता तर काय हवं होतं!

---

सीमालढा_अभ्यासक

मुळात सीमावादावरचा महाजन अहवाल १९६७ मध्ये आला तेव्हाच जर...

---

मार्कंडेय_काठ

महाजन अहवालासाठी वेगळे धागे आहेत, तेही भरपूर. इथे थिएटर.

---

थिएटरवाला_भाचा

धाग्यातलं थिएटर आमचं नाही. आमचं याच पट्ट्यातलं, अजून चालू आहे. चालू म्हणजे रोज कुलूप उघडतं. मामांचं आहे, हिशेब मी बघतो. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी मालकाला शिव्या न घालता (निपाणीकरीण सोडून 🙂) विचारतंय, म्हणून लिहितो.

धागाकर्ते म्हणतात मालक शुक्रवार ठरवायचा. ठरवायचा. आता नाही. मोठ्या हिंदी सिनेमाचा वितरक सांगतो, चारही खेळ आमचे, नाहीतर सिनेमा देत नाही. मल्टिप्लेक्सला असं सांगता येत नाही, तिथे पाच-सहा पडदे असतात. आमचा पडदाच एक. सणाच्या आठवड्याला मराठी सिनेमाला एक खेळ द्यायचा म्हटलं तर मोठा सिनेमा हातचा जातो, आणि त्यावर तर आमचं चार महिन्यांचं वीजबिल निघतं. मराठी निर्माता फोन करून भावनिक होतो. मामाही होतात. मग हिंदीच लागतो.

२००९ मध्ये निर्मात्यांनी मल्टिप्लेक्सशी भांडून संप केला. शेवटी ठरलं : पहिल्या आठवड्यात वितरकाला ५० टक्के, मग ४२.५, मग ३७.५, पुढे ३०. सगळं कागदावर. आमच्याशी कुणी असं बसून ठरवत नाही. कधी टक्केवारी, कधी मिनिमम गॅरंटी (सिनेमा चालो न चालो, ठरलेली किमान रक्कम), कधी रोखीने एकरकमी. पडलेला सिनेमा आमच्या गळ्यात, चाललेला त्यांच्या खिशात.

आता साधा हिशेब मांडतो. सहाशे खुर्च्या धरा. तिकीट शंभर. सप्टेंबर २०२५ पासून शंभरपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेवढं बरं झालं. (२०१७ ला जीएसटी आला तेव्हा शंभरच्या आत १८ आणि वर २८ होता, ते दिवस आठवले की घाम फुटतो.) खेळाला चाळीस माणसं आली तर चार हजार. कर गेला, वितरक गेला, हातात उरले दोन हजारांच्या आतबाहेर. त्यात एसीचा विषय काढायचा नाही, पंखे लावायचे. वीज जाळा न जाळा, बिलात फिक्स्ड चार्ज येतोच. बुकिंगला एक, दारावर दोन, ऑपरेटर, झाडूवाली, वॉचमन. सर्व्हर आणि प्रोजेक्टर कंपनीचा, त्याचं वेगळं. नवा चांगला प्रोजेक्टर घ्यायचा तर रक्कम लाखांत, आणि तो नसेल तर हॉलिवूडवाले सिनेमा देत नाहीत. परवाना जिल्हाधिकाऱ्यांकडचा, त्यासाठी अग्निशमन, बांधकाम खातं, विजेचं तपासणी प्रमाणपत्र. इमारत जुनी, म्हणजे दर वेळी काहीतरी निघतंच.

आता दुसऱ्या बाजूला बिल्डरचा एक आकडा ठेवा. तो आकडा मी इथे लिहीत नाही, मामी वाचते.

दक्षिणेतले मोठे सिनेमे आले की मात्र चित्र पालटतं. तेव्हा याच सहाशे खुर्च्या कमी पडतात, पोरं पडद्यापुढे नाचतात, कन्नडमध्ये बघितलेला सिनेमा परत हिंदीत बघायला येतात. वर्षातून असे तीन-चार आठवडे. बाकीचे अठ्ठेचाळीस आठवडे मी भिंतीला पोपडे किती आले ते मोजतो.

---

केबिनमधला

भाचेसाहेब, पडद्यामागे जुने प्रोजेक्टर पडले असतील तर भंगारात घालू नका. कृपा करा. कुठल्या तरी शाळेला, कॉलेजला द्या.

---

थिएटरवाला_भाचा

दोन्ही केबिनमध्येच आहेत. दोन वेळा भंगारवाला येऊन गेला. वजनावर मागतो.

---

मार्कंडेय_काठ

@थिएटरवाला_भाचा, चारही खेळांच्या अटीचं मला इतक्या नेमकेपणाने माहीत नव्हतं. म्हणजे शुक्रवार मालकाच्या हातातून गेला, आणि मराठीची वाट तिथेच अडली. इमारत पडण्याआधी कितीतरी वर्षं. मग इमारत राखली तरी त्यात मराठी लागेलच असं नाही, हे मला मान्य. पण पाडली तर नक्कीच लागणार नाही.

पर्याय काय दिसतात? हॉल दुभागून दोन छोटे पडदे करता येतात, दीडशे-दोनशेचा एकेक. एका पडद्यावर वितरकाचे चार खेळ, दुसरा मोकळा. पुष्कळ ठिकाणी केलंय.

---

कॅम्पातला_बाब्या

मुंबईत रॉयल ऑपेरा हाऊस वर्षानुवर्षं बंद होतं, २०१६ ला दुरुस्त होऊन उघडलं की. आपल्याकडे का नाही?

---

थिएटरवाला_भाचा

@कॅम्पातला_बाब्या, त्याचे मालक गोंडलचे महाराज. आमचे मामा तुमच्यासारखेच खडेबाजारात घासाघीस करणारे.

@मार्कंडेय_काठ, दुभागायचा विचार झालाय. मध्ये भिंत घातली की एका बाजूचा आवाज दुसरीकडे जातो, त्यासाठी वेगळी भिंत, वेगळा एसी, वेगळा जिना, नवा परवाना. कर्ज काढावं लागेल. बँकेचा माणूस आला, जागा बघून खूश झाला, धंदा बघून गेला. तारण म्हणून जागा चालते, सिनेमा चालत नाही.

मंगल कार्यालयाचं म्हणाल तर स्टॉलचा उतार भरून सपाट करावा लागतो. एकदा केला की परत थिएटर होत नाही. मामा अजून तेवढ्यासाठी अडलेत. मुहूर्ताच्या दिवसांत एका लग्नाचे जेवढे येतात तेवढे आम्हाला महिनाभरात दिसत नाहीत, हे त्यांना मामी रोज सांगते.

---

हुबळी_ते_पुणे

एक सुचवू? सकाळचा खेळ. बहुतेक एकपडदा थिएटरांत बारापर्यंत काहीच नसतं. वितरकाचे चार खेळ बारानंतर सुरू होतात. रविवारी सकाळी नऊला एक आठवडा मराठी, एक आठवडा कन्नड. आधी माणसं ठरवायची, मग सिनेमा मागवायचा. डिजिटलमुळे आता पेटी आणायची नाही, एका खेळाचं लायसन घेतलं की झालं. पुण्यात आमचा कन्नड ग्रुप असंच करतो, हॉल भरेल एवढे पैसे आधी गोळा करून.

---

नव्वदोत्तरी

हे प्रॅक्टिकल आहे. फॉर्म मी बनवतो. पण नऊ म्हणजे फार लवकर, दहा करा.

---

टिळकवाडीची_ताई

तुझ्या मॉलमध्ये मराठीचा खेळ सकाळचाच असतो ना? तेव्हा लवकर नाही वाटत?

---

थिएटरवाला_भाचा

मामांशी आत्ता बोललो. त्यांचं म्हणणं : रविवारी सकाळी हॉल देतो, भाडं नको, वीज आणि माणसांचा खर्च निघाला पाहिजे. म्हणजे दोनशे तिकिटं आधी, पैसे आधी. सिनेमाचं लायसन तुम्ही बघा, कुठला सिनेमा तेही तुम्हीच ठरवा. दहाला सुरू, साडेबाराच्या आत बाहेर, कारण एकचा खेळ वितरकाचा आहे आणि त्याचा प्रतिनिधी दारात उभा असतो. शेंगा, भडंग चालेल, टरफलं पिशवीत. मराठी की कन्नड यावर भांडण झालं तर कायमचं बंद.

---

चंदगडचा_पाव्हणा

आमच्याकडून एक जीपभर धरा. शेवट बघायला मिळणार असेल तर.

---

निपाणीकरीण

चाळीस बायका मी आणते. त्यातल्या निम्म्या अजून विड्या वळतात, पैसे आधी देतील. खरं आधी संडासाचा फोटो टाका इथे. दार, आतली कडी, पाणी. तिन्ही दिसलं पाहिजे.

---

थिएटरवाला_भाचा

दार आहे, कडी बाहेरून आहे. वरची टाकी गळते. प्लंबरला बोलावलंय, बुधवारी येतो म्हणालाय. फोटो बुधवारी रात्री टाकतो.